ट्रे भट्टीत असेपर्यंत

"तिथी काम काय आहे?"

हे वाक्य माझ्या पोटच्या पोराने भाकरी मोडता मोडता उच्चारलं आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला.

झालं होतं ते एवढंच. माझी नात पुण्यात नोकरी करते. तिने आपल्या आईला, म्हणजे माझ्या सुनेला, चार दिवस बोलावलं होतं. लग्न नाही, बारसं नाही, कोणाचं ऑपरेशन नाही. नुसतं फिरायला. फोन ताटाजवळ पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा होता, त्यामुळे आम्ही तिघांनीही ऐकलं. "आई, तू फक्त ये. सकाळी घराबाहेर पडू, पाय नेतील तिकडे जाऊ, थकलो की चहा पिऊ." सून तव्यापाशी होती. ती हसली. ते हसू मी पाहिलं, तिच्या नवऱ्याने नाही पाहिलं. फोन बंद झाला आणि त्याने विचारलं, तिथी काम काय आहे.

हा माणूस घुग्घुसच्या खाणीच्या ऑफिसात कारकून आहे. मागच्या वर्षी मित्रांसोबत तीन दिवस हैदराबादला जाऊन आला. तिथे याचं कोणतं काम अडलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. एक परातभर बिर्याणीचा फोटो मात्र आला होता.

"काऊन, कामच पाह्यजे काय?" मी म्हटलं.

"तसं नाई, आई. पण आता हिच्या ऑर्डरी किती आहेत. रविवारी साहेबांच्या नातवाचा केक. अन् तू एकटी. तुह्या गुडघ्याचं काही झालं तर?"

बघा. ऑर्डरी दोन नंबरला गेल्या आणि माझा गुडघा वर आला. या घरात कोणाला काही नाकारायचं असलं की माझा गुडघा पुढे करतात. मी काय बाळंतीण आहे? गुडघा दुखतो, पण दुखत दुखत चालतो. त्याने कधी कोणाला अडवलेलं नाही.

"राहू द्या ना, आई," सून म्हणाली. "पुढच्या खेपी जाईन."

तिथे मात्र माझं डोकं सणकलं. नवऱ्याने नाही म्हणावं, त्याची जात तीच. पण हिने स्वतःच इतक्या पटकन हसू गिळून टाकावं?

सून घरी केक करते, हे सांगायला हवं. समोरच्या खोलीचा अर्धा भाग तिच्या ओव्हनने, फ्रिजने आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरला आहे. हात सोन्याचे आहेत तिचे. आमच्याकडच्या पोरांना वाढदिवसाला परी नको, ससा नको, डंपर पाहिजे. खाणीत चालतो तसा पिवळा डंपर, मागे चॉकलेटच्या चुऱ्याचा कोळसा भरलेला. सून असा डंपर करते की पोरं चाक कापू देत नाहीत. पण या डंपरांपायी ती सकाळी ओव्हनपाशी उभी राहते ती दिवेलागणीपर्यंत. दूध, भाजी, सगळं दारावर येतं. घराचा उंबरठा तिने शेवटचा कधी ओलांडला, ते तिलाही आठवणार नाही. लोक तिला म्हणतात, "किती छान, घरबसल्या काम!" हे घरबसल्या ज्याने शोधून काढलं त्याला एकदा माझ्यासमोर उभं करा.

पण मी कोणत्या तोंडाने बोलू? घरात ओव्हन आणण्याचा पहिला मूर्खपणा या खानदानात मीच केला आहे.

मी लग्न होऊन चंद्रपुरात आले तेव्हा नानकटाई घरी भाजायची पद्धत नव्हती. आमच्याकडे ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या मेळ्याला सावली गावाकडचे, पार एटापल्लीपासूनचे पाहुणे उतरत. त्यांच्यासाठी चार डबे नानकटाई लागे. मग मैदा, पिठीसाखर, डालडा, वेलची, सगळं सामान पिप्यात भरायचं आणि परकोटाच्या, म्हणजे गावाच्या जुन्या तटाच्या, आतल्या एका बेकरीच्या भट्टीवर घेऊन जायचं. तिथेच पाटावर बसून पीठ मळायचं, गोळे वळायचे, काळ्या ट्रेवर मांडायचे. भट्टीवाले चाचा लांब लाकडी फावड्याने ट्रे आत सरकवत. दिवाळीच्या आधी, ईदच्या आधी तिथे बायांची ही गर्दी.

आता यातली गंमत ऐका. घरच्या पुरुषांना बाया सांगत, "ट्रे राखत बसावं लागते, नाईतर बदलून जाते." पुरुष बिचारे माना डोलवत. तीन-तीन तास बायको भट्टीवर बसते, धूर खाते, किती कष्ट! प्रत्यक्षात राखायचं काहीच नव्हतं. प्रत्येक घराची आपली खूण ठरलेली होती. आमच्या नानकटाईवर तीन चारोळ्या, शेजारणीच्या एक, कोणाची काट्याने दाबलेली, कोणाची बोटाने. चाचांना सगळ्या खुणा पाठ. ट्रे आत गेला की ते हात झटकत म्हणत, "बाई, दो घंटे लगेंगे. जाओ, घूमके आओ."

आणि बाया घुमायला जात.

माझ्या सासूबाई पुढे, दोन शेजारणी मागे, आणि सगळ्यात मागे तोंड पाडून मी. जटपुरा गेटपर्यंत जायचं, गेटाच्या कमानीखाली सावलीत उभं राहून येणारे-जाणारे पाहायचे, कोणाची कोणाशी सोयरीक जमेल ते ठरवायचं. मग बांगड्यांच्या दुकानात हात पुढे करायचे आणि काहीच घ्यायचं नाही. मग रामाळा तलाव. तलावाच्या काठी सासूबाई चपला काढून बसत. घरात ज्या बाईने मोठ्याने श्वास घेतलेला मी ऐकला नव्हता, ती तिथे सासऱ्यांच्या घोरण्याची नक्कल करी. शेजारणी लोळून हसत.

आणि मी? मी म्हणे, "चला ना आता, उशीर होते. उगाच पाय तोडत काय फिरायचं?"

लाज वाटते सांगायला. पण वाटू दे. विशीतली ती पोरगी अशीच होती. एका मासिकात तिने ॲप्रन घातलेल्या बाईचं चित्र पाहिलं होतं. पुढ्यात काचेच्या झाकणाचा ओव्हन, केसात फूल, नखात पीठ नाही. झालं, त्या दिवसापासून भट्टीचा धूर तिला वास मारू लागला. लायनीत बसणं मागासलेपणाचं वाटू लागलं. आमच्या यजमानांचा तिने दोन वर्षं जीव खाल्ला.

शेवटी ते मला नागपूरला घेऊन गेले. लग्नानंतर आम्ही दोघंच बाहेरगावी गेलो ती ती एकच वेळ. दोन दिवस. संध्याकाळी ते म्हणाले, "फुटाळा तलावावर जाऊ. काही नाई, नुसते बसू." मी म्हटलं, "अगोदर ओव्हन." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बर्डीच्या बाजारात जरा फिरू, सायंकाळी रोषणाई असते." मी फिरले ना! या दुकानातून त्या दुकानात, प्रत्येक ओव्हनच्या झाकणावर टिचकी मारून पाहत. रोषणाई कोणत्या रंगाची होती ते विचारू नका. परत येताना एसटीत मी ते खोकं मांडीवर घेऊन बसले, वरोऱ्यापर्यंत पाय मुंग्यांनी भरून गेले, पण खोकं खाली ठेवलं नाही. यजमान खिडकीबाहेर बघत होते. ते आता नाहीत. फुटाळ्यावर आम्ही काय बोललो असतो, ते मला आता कोण सांगणार?

घरी आले, ओव्हन लावला, सगळ्या आळीने येऊन पाहिला. मी मोठ्या दिमाखात सासूबाईंना म्हटलं, "आता भट्टीवर जायची कटकट मिटली."

सासूबाईंनी एक नानकटाई खाल्ली. दुसरी खाल्ली. मग म्हणाल्या, "चांगली झाली. पण भट्टीची चव नाई."

आणि त्या वर्षी मेळ्याच्या आधी त्यांनी आपला वेगळा पिपा भरला, पदर खोचला आणि शेजारणींसोबत भट्टीवर निघून गेल्या. मला काय म्हणाल्या माहीत आहे? "तू राह्य घरी. तुह्याजवळ मशीन आहे."

मी खूश! मी जिंकले ना! तीन तास ओव्हनपाशी घाम गाळत बसले. एका वेळी बारा निघत, त्यातल्या दोन करपत. मग आळीतल्या सगळ्यांनी आपापला मैदा माझ्याकडे आणून टाकायला सुरुवात केली. "तुमच्याकडे मशीन आहे म्हणून म्हटलं." पुढची कितीतरी वर्षं मी आळीची भट्टी झाले. आणि संध्याकाळी सासूबाई परत यायच्या, गाल लाल, चपलांना तलावाची माती, डोक्यावर चार डबे. "लय गर्दी होती बाई," म्हणायच्या, "पाय दुखून राह्यले."

म्हातारी चालू होती. आणि मी मठ्ठ होते. हे समजायला मला सासू गेल्यावरही दहा वर्षं लागली.

तर अशा या बाईने, म्हणजे मी, आता सुनेला "राहू द्या ना" म्हणताना ऐकलं. रात्रभर चडफडले. सकाळी ठरवलं, पोराशी नंतर लढू, आधी हिला बाहेर काढू.

बुधवारी चार वाजता मी लुगडं बदललं आणि तिला म्हटलं, "चल."

"कुठी?"

"फिरायले."

"पिशवी घेऊ?"

"नाई."

"पर्स?"

"नाई. काहीच नाई. दोन हात मोकळे सोडून चालायचं. पुण्याले हेच करायचं आहे. सवय करून घे."

ती निघाली, पण हात कुठे ठेवावे ते तिला कळेना. कधी पदराशी चाळा, कधी पाठीमागे. कोपऱ्यावरच शिलाईच्या दुकानातली बाई ओरडली, "कुठी चालल्या, बाई?"

"कुठीच नाई," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे चाललो."

"डॉक्टरनं सांगतलं काय?"

माझ्या संतापाचा आणखी एक धागा हा आहे. आपल्या गावात बाईची साखर वाढली की तिला फिरायची परवानगी मिळते. साखर नसेल तर पिशवी पाहिजे. पिशवी नसेल तर देऊळ, विहार, दवाखाना, काहीतरी तोंडावर असलं पाहिजे. आमचे बाप्पे, म्हणजे पुरुष माणसं, पानठेल्यावर चार चार तास उभे राहतात, त्यांना कोणी विचारतं का की भाऊ, डॉक्टरनं सांगतलं काय?

दुसऱ्या बाईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "पळून चाललो." सून शरमेने लाल झाली. तिसऱ्या वेळी मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर सून बाजूला नाही. वळून बघते तर ही भाजीवाल्यापाशी. परत आली ती हातात सांबाराची जुडी घेऊन, तीही उधारीवर. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"हे काय?"

"घरचं संपलं होतं," ती म्हणाली.

"सकाळीच दोन जुड्या आल्या दारावर."

तिने जुडी या हातातून त्या हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "आई, हातात काही असलं की बरं वाटते. लोकांले दिसते ना, कामानं निघाली म्हणून."

दयामाया दाखवायची ती वेळ नव्हती. गेटाजवळ एक गाय उभी होती. जुडी मी तिच्या पुढ्यात धरली. गायीने विचारलं नाही, कुठी चालल्या.

तिथेच उभ्या होतो. कमानीखाली, बाजूने मोटारसायकली, ऑटो, धूळ. मी सुनेला सांगत होते की इथे माझ्या सासूने किती सोयरिकी जमवल्या. ती पहिल्यांदा हसली, मोकळी हसली. तेवढ्यात शिफ्ट सुटून येणारा, पोराच्या खाणीतला एक भाऊ थांबला. चेहरा कोळशाने काळा, फक्त दात दिसत.

"बाई, काय झालं? गाडी नाई भेटली काय? सोडून देऊ?"

"काही नाई झालं. उभ्या आहो."

त्याला ते पटलं नाही. त्याने लगेच माझ्या पोराला फोन लावला. माझे चिरंजीव ऑफिस सुटून गावात शिरतच होते, दहा मिनिटांत मोटारसायकल घेऊन हजर. हेल्मेटही काढलं नाही. "आई! पडली काय? कुठी लागलं?"

"कोणीच नाई पडलं."

"मग इथी काय करून राह्यल्या?"

शिलाईवाली बाईही तोपर्यंत दुकान बंद करून मागे येऊन उभी राहिली होती. तिला राहवलं नसणार. मी चौघांवर नजर फिरवली, आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. सासूबाई असत्या तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती.

"बरं झालं आला," मी मोठ्याने म्हटलं. "हेच सांगत होती मी या भाऊंले. आमची सून शुक्रवारी पुण्याले जाऊन राह्यली. पोरीकडं, चार दिवस, नुसती फिरायले. अन् हे सगळं याच्याच मनचं हो! म्हणे, आई, ती वर्षभर राबते, जाऊ दे तिले."

पोराचं तोंड हेल्मेटात उघडंच राहिलं.

"वा, भाऊ!" तो काळा भाऊ म्हणाला. "असं आमच्या घरी कोणी बोलत नाई. घरी सांगतो मी."

"सांगू नका," पोरगा पुटपुटला.

"मग तिकीट काढलं काय?" शिलाईवालीने विचारलं.

चार माणसं बघत असताना माझा पोरगा काय म्हणणार होता? "काढतो ना," म्हणाला. "आजच काढतो."

घरी येईपर्यंत तो बोलला नाही. दारात मात्र फुटला. "आई, तू लय लबाड आहे. अन् साहेबांचा डंपर? तो कोण करन?"

"शहरातली केकची दुकानं बंद पडली काय? तूच आणशील अन् तूच नेऊन देशील. साहेब तुह्ये आहेत, तिचे नाईत."

शुक्रवारी दुपारी ट्रॅव्हल्सच्या खिडकीत ती बसली तेव्हा मांडीवर एक मोठी पिशवी होती. मी विचारलं काय आहे. म्हणाली, काही नाही, पोरीसाठी थोडं सामान. मी मूर्ख, मी सोडून दिलं.

रविवारी दुपारी नातीने फोटो पाठवला, तिच्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणींनी काढून तिला धाडलेला. चार मुली, मध्ये केक, मागे ओट्यापाशी माझी सून, ॲप्रन घातलेली. खाली लिहिलं होतं, "आईने सगळ्यांसाठी केक केला!" आणि पुढे लाल बदामांची रांग.

मला असा राग आला की काय सांगू. चंद्रपुरातून उचलून, भांडून, खोटं बोलून, गायीला सांबार खाऊ घालून पाठवली, आणि ही पुण्यात जाऊन पुन्हा ओव्हनपुढे! पिशवीत साचे नेले होते, साचे! मी तिथल्या तिथे फोन लावला.

"काऊन केला?"

"आई, पोरी म्हणल्या..."

"पोरी म्हणतीलच! दोन दिवसांत बाहेर किती वेळा गेली?"

"काल गेलो ना आम्ही दोघी. लय फिरलो. पण आज सकाळीच पोरीले ऑफिसनं बोलावलं. मग एकटी कुठी जाऊ? खाली गेली होती मी. गेटपर्यंत गेली." ती थांबली. "आई, तिथी कोणी विचारलं नाई."

"काय विचारलं नाई?"

"कुठी चालल्या म्हणून. वॉचमन बसला होता, त्यानं वर पाह्यलं बी नाई. मले वाटलं, आता मी कुठीही गेली तरी कोणालेच माहीत नाई. भीती वाटली. परत आली वर."

माझा राग तसाच होता, पण तिच्यावरचा उतरला. कोणी विचारू नये म्हणून मी जन्मभर चिडले, आणि कोणी विचारलं नाही तर पाय उचलत नाहीत, इतकी ही सवय हाडात गेलेली. ती कोणी घातली? थोडी मीच घातली. मी रोज दुपारी विचारते तिला, "कुठी गेली होतीस?" गच्चीवरून उतरली तरी विचारते.

"ॲप्रन काढ," मी म्हटलं. "चपला घाल. फोन चालू राहू दे."

जिन्यावरून उतरताना तिचा श्वास ऐकू येत होता. मग लोखंडी फाटक वाजलं. मग गाड्या. कुठेतरी कोणी फुगेवाला पिपाणी वाजवत होता.

"आई, डावीकडं जाऊ का उजवीकडं?"

डावीकडे म्हणायला माझी जीभ वळली होती. का, ते विचारू नका, मी पुण्याला कधी गेलेली नाही. जीभ दाताखाली धरली. "मले काय विचारतं? मी इथी बसली आहे."

थोडा वेळ नुसती पावलं. मग ती म्हणाली, "ठेवते, आई," आणि खरंच ठेवला. पंचवीस वर्षांत या सुनेने माझ्याआधी कधी फोन ठेवला नव्हता. मी हातातल्या फोनकडे बघतच राहिले. सासूच्या तोंडावर फोन! येऊ दे घरी, चांगली बोलते तिला.

तास झाला, तिचा फोन नाही. दोन तास झाले. पोरगा साहेबांकडे दुकानातला केक पोचवून आला, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसला आणि म्हणाला, "ती कुठी आहे? फोन उचलून नाई राह्यली. पुन्हा लावू काय?"

"हात लावून तर पाह्य," मी म्हटलं, आणि त्याचा फोन माझ्या पदराखाली घेऊन बसले.